पोळ्याला बैलाची खांदेमळणी, मग मशीनची कधी?

मृगाचा पाऊस बरा झाला, सोयाबीन हातभर वर आले, आणि नेमकी उघडीप मिळाली. कोळपणीला याहून चांगला वाफसा नाही. धर्मापुरीच्या शिवारात अशा वेळी बांधावर एक ठरलेले चित्र दिसते. पेट्रोलवर चालणारे, मागून हातात धरून चालवायचे पॉवर विडर पासरीत उभे असते आणि मालक घामाघूम होऊन दोरी ओढत असतो. शेजारचा बांधावरून विचारतो, "काय झालं हो, दादा?"

"दोन दिवस झाले दोरी ओढूलालोय, सुरूच होईना गेलंय बघा."

"पेट्रोल कधीचं हाय त्यातलं?"

"आता काय सांगावं! दिवाळीच्या आधीचं असल."

शेतकरी बंधूंनो, या एका उत्तरातच सगळा रोग आहे. मशीन बिघडलेले नसते. आठ महिने त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलेले नसते. मग तालुक्याच्या गावी मिस्त्रीकडे चकरा, तिथे आधीच दहा मशीन रांगेत, तोवर आभाळ पुन्हा भरून येते आणि तण पिकाच्या वर जाते. सोयाबीनला पहिले 30 ते 45 दिवस तणमुक्त ठेवावे लागतात. तो काळ हातचा गेला की पुढे कितीही खुरपले तरी गेलेले उत्पन्न परत येत नाही. म्हणजे दुरुस्तीचा खर्च थोडा असला तरी खरा तोटा चार दिवस उशीर झाल्याचा असतो.

केदारेश्वराचे प्राचीन मंदिर आणि जुना किल्ला यांमुळे धर्मापुरीचे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे. परंतु शेतीच्या बाबतीत हे गाव बीड जिल्ह्यातल्या इतर गावांसारखेच. पाऊस बेभरवशाचा, बैलजोडी सांभाळणे महाग झालेले, खुरपणीला माणूस मिळणे अवघड. त्यामुळे पॉवर विडर, गवत कापायचे ब्रश कटर, पेट्रोलचे फवारणी पंप अशी लहान यंत्रे आता घरोघर दिसू लागली आहेत. 2014-15 पासून केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान सुरू झाले, महाडीबीटीवर अर्ज करून अनुदानही मिळू लागले. यंत्र घरी आले, पण ते सांभाळायचे कसे हे मात्र कुणी बसवून सांगितले नाही.

कुलूपबंद घरातले पेट्रोल

आपल्या जिल्ह्याची एक वेगळीच अडचण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. घराला कुलूप लागते आणि मशीन कोपऱ्यात, टाकीत अर्धे पेट्रोल तसेच ठेवून. माणसे परततात ती गुढीपाडव्याच्या आसपास किंवा त्यानंतर. तोवर त्या पेट्रोलचा कस निघून गेलेला असतो. त्यातला हलका भाग उडून जातो आणि खाली चिकट डिंकासारखा थर राहतो. हा थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. जेटचे छिद्र सुईच्या अग्राएवढे. ते बुजले की दोरी ओढून खांदा उतरला तरी मशीन सुरू होत नाही.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठले गेले. हे इथेनॉल उसापासून आणि मका, तांदूळ अशा धान्यांपासून तयार होते. ऊस उत्पादकांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. परंतु इथेनॉलला पाण्याची ओढ असते. हवेतला ओलावा ते शोषून घेते. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, वर पेट्रोल राहते. कार्बोरेटरला तळातले पाणीच आधी मिळते. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि वायसरही अशा इंधनाने लवकर मऊ पडतात किंवा तडकतात. आपल्या मशीनला किती टक्के इथेनॉल चालते हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते एकदा कुणाकडून तरी वाचून घ्यावे.

यावर उपाय अगदी साधा आहे. लागेल तेवढेच पेट्रोल आणावे. महिन्याच्या वर मशीन बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. मग पेट्रोलचा कॉक बंद करून मशीन चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरमधले उरलेसुरले पेट्रोल जळून ते आपोआप बंद पडेल. कार्बोरेटरच्या वाटीखाली निचऱ्याचा बोल्ट असतो, तो ढिला करून शेवटचा थेंबही काढून घ्यावा. काढलेले ताजे पेट्रोल मोटारसायकलमध्ये घालता येते, वाया काहीच जात नाही. ऊसतोडीला निघताना घराला कुलूप लावण्याआधी या कामाला पाऊण तास दिला, तर जुलैमधले चार दिवस वाचतात.

तेल: इंजिनाचे रक्त

पॉवर विडरची बहुतेक इंजिने फोर स्ट्रोक असतात. म्हणजे पेट्रोल वेगळे, तेल वेगळे. पाच ते सात अश्वशक्तीच्या इंजिनात साधारण अर्धा ते पाऊण लिटर तेल बसते. एवढ्याशा तेलावर सगळे इंजिन चालते, म्हणून ते काळे आणि पातळ झाले की पिस्टन घासू लागतो.

नवे मशीन असेल तर पहिल्या 20 तासांनंतर तेल बदलावेच, कारण नव्या भागांचा घासून निघालेला धातूचा चुरा त्यात असतो. पुढे साधारण 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. धुळीच्या रानात याहूनही लवकर बदलले तर उत्तमच. तेल कोणत्या नंबरचे, हे पुस्तिकेत असते. बऱ्याच मशीनला 10 डब्ल्यू 30 चालते. इंजिन थोडे गरम असताना तेल सोडले म्हणजे गाळासकट निघून येते. रोज सकाळी मशीन सपाट जागी उभे करून पट्टी पुसून तेल पाहावे. कमी नको, तसे जास्तही नको. जास्त तेल झाले तर धूर निघतो आणि एअर फिल्टर तेलकट होतो.

आणखी एक गोष्ट. काही इंजिनांत तेल कमी झाले की इंजिन सुरूच होऊ नये अशी सोय केलेली असते. पुष्कळदा मिस्त्री येतो, पट्टी पाहतो, पावशेर तेल ओततो आणि मशीन पहिल्या दोरीला सुरू होते. मालक तोंडात बोट घालतो. काढलेले जळके तेल ओढ्यात, विहिरीच्या कडेला ओतू नये. डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्यावे.

ब्रश कटरची गोष्ट निराळी. त्यातली बरीच इंजिने टू स्ट्रोक असतात आणि पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. प्रमाण पुस्तिकेत असते. ते 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिलि, 40 ला 1 असेल तर 25 मिलि आणि 25 ला 1 असेल तर 40 मिलि तेल. अंदाजपंचे ओतू नये. औषधाच्या बाटलीसोबत येणारे मोजमापाचे झाकण खास या कामाला वेगळे ठेवावे. घरात फोर स्ट्रोक आणि टू स्ट्रोक अशी दोन्ही मशीन असतील तर पेट्रोलचे डबे वेगळ्या रंगाचे ठेवावेत. चुकून साधे पेट्रोल टू स्ट्रोकमध्ये गेले तर काही मिनिटांत पिस्टन जाम होतो आणि मग खर्च हजारांत जातो.

नाकात धूळ गेली तर

कोळपणी म्हटले की धूळ आलीच. माणूस तोंडाला रुमाल बांधतो, मशीनचा रुमाल म्हणजे एअर फिल्टर. तो बुजला की हवा कमी, पेट्रोल जास्त. मशीन काळा धूर ओकते, जोर धरत नाही, पेट्रोल पिते. काही जण मग फिल्टरच काढून टाकतात. "फिल्टर काढला की कसं पळतंय बघा," असेही सांगतात. पळते खरे, पण ती बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि कानशीने घासावे तसे आतून घासते. एका हंगामात इंजिनाचा दम जातो.

धुळीच्या कामात फिल्टर दररोज उघडून पाहावा. स्पंजचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, सावलीत पूर्ण वाळवावा, मग चमचाभर स्वच्छ इंजिन तेल लावून पिळून बसवावा. कागदाचा असेल तर तो धुवायचा नसतो. हलकेच आपटून धूळ झाडावी, फार मळला तर नवाच टाकावा. फिल्टर पेट्रोलने धुण्याची सवय मोडावी, त्यात आगीचा धोका आहे.

सुरू होत नाही? आधी हे पाहा

मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी घरच्या घरी दहा मिनिटांत तपासता येते. क्रम मात्र सोडू नये.

पहिले, बटण चालू आहे का, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, थंड इंजिनाला चोक दिला आहे का. हसू नका, निम्मी दुरुस्ती इथेच होते.

दुसरे, पेट्रोल ताजे आहे का. वास आंबूस, रंग गडद असेल तर सगळे काढून नवे घाला. टाकीच्या झाकणाला हवेचे बारीक छिद्र असते, ते चिखलाने बुजले तर मशीन थोडे चालून बंद पडते. झाकण ढिले करताच चालू झाले तर रोग सापडला.

तिसरे, प्लग काढून पाहा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, दोष कार्बोरेटरमध्ये किंवा नळीत. प्लग पेट्रोलने भिजलेला असेल तर जास्त झाले आहे, पुसून, वाळवून, चोक काढून पुन्हा ओढा. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर बुजला आहे किंवा चोक अडकला आहे. काळे तेलकट असेल तर तेल वर चढते आहे, बहुधा रिंगा गेल्या. प्लगचा रंग फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठणठणीत समजावी.

चौथे, ठिणगी. प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा आणि दोरी ओढावी. निळी ठिणगी दिसली पाहिजे. सांडलेले पेट्रोल आधी पुसून काढावे आणि प्लगच्या छिद्रापासून दूर ही तपासणी करावी. प्लगच्या दोन टोकांमध्ये बऱ्याच इंजिनांना 0.7 ते 0.8 मिलिमीटर अंतर लागते.

पाचवे, कार्बोरेटर. वाटी काढून तळाचा गाळ पुसावा. जेट फुंकर मारून किंवा गावातल्या पंक्चरवाल्याकडच्या हवेने साफ करावे. त्यात तार किंवा सुई घालू नये, छिद्र मोठे झाले की मशीन कायमचे पेट्रोल पिऊ लागते.

एवढे करूनही जमेना आणि दोरी ओढताना काहीच जोर लागत नसेल, तर दाब गेला आहे. व्हॉल्व्ह किंवा रिंगांचे काम आहे. तिथे आपले हात थांबवून मिस्त्रीकडे जावे. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढवण्याचा उद्योग तर कुणीच करू नये. इंजिन ठरल्यापेक्षा जास्त फिरले की कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर येतो.

पाते, गिअर आणि दगड

बालाघाटच्या या भागात काही रान काळे तर काही माळाचे, दगडगोट्यांचे. माळरानात विडरचे पाते लवकर झिजतात, वाकतात. पाते बसवताना त्यांची धार फिरण्याच्या दिशेला आली पाहिजे. उलटे बसले तर मशीन नुसते उड्या मारते. काम संपल्यावर शाफ्टला गुंडाळलेले गवत, सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे रोज काढावेत. ते आत शिरून ऑईल सील कापतात, गिअरबॉक्सचे तेल गळते आणि दाते खराब होतात. गिअरबॉक्सचे तेल हंगामाच्या आधी तपासावे. क्लचच्या वायरमध्ये थोडी ढील असावी. अजिबात नसेल तर क्लच घसरतो, फार असेल तर पूर्ण सुटत नाही.

शाळेचे मैदान, मंदिराचा किंवा दवाखान्याचा परिसर यासाठी काही ठिकाणी गवत कापायचे ढकलते मशीन वापरतात. त्याचे इंजिन याच जातीचे, निगाही हीच. फक्त पाते खाली आडवे फिरते. ते पाहण्यासाठी मशीन कलते करताना एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर ठेवावी, नाही तर तेल फिल्टरमध्ये उतरते. पात्याला दोन्ही टोकांना सारखी धार लावावी आणि मधल्या छिद्रातून खिळ्यावर टांगून पाहावे. एक टोक खाली झुकले तर ते जड आहे, तिकडचे आणखी थोडे घासावे. तोल गेलेले पाते सगळे मशीन थरथरवते आणि शाफ्ट वाकवते. गवतात लपलेल्या दगडावर पाते जोरात आदळून मशीन बंद पडले आणि नंतर सुरू होताना झटके देऊ लागले, तर फ्लायव्हीलची चावी कापली गेली असण्याची शक्यता आहे. वस्तू लहान असते, पण ती तुटली की ठिणगीची वेळ चुकते. म्हणून कापण्याआधी मैदानातून एक चक्कर मारून दगड, तारा, बाटल्या वेचून घ्याव्यात.

हात गेला तर परत येत नाही

पात्याला हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढलीच पाहिजे. इंजिन बंद असले तरी पाते हाताने फिरवताना ते अचानक पेटू शकते. हँडलवरचा लिव्हर सोडला की पाते थांबावे, अशी सोय कंपनीने जीव वाचवण्यासाठी केलेली असते. हात दुखतो म्हणून तो लिव्हर सुतळीने बांधून ठेवणारे पुष्कळ आहेत. पाय घसरला की मग मशीन थांबत नाही. धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातला रुमाल खोचून घ्यावा. चपलेवर मशीन चालवू नये, बूट घालावेत. मागे बांध किंवा विहीर असताना रिव्हर्स टाकू नये. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये, दहा मिनिटे थांबावे. आणि बंद गोठ्यात, खोलीत इंजिन चालवून पाहू नये. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, पण माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

गावाने काय करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी खात्याचे कर्मचारी यांना एक सुचवावेसे वाटते. अनुदानाचा अर्ज भरून देण्यापाशी आपले काम संपत नाही. यंत्र निवडतानाच त्याचे सुटे भाग परळी, अंबाजोगाईला मिळतात का, दुरुस्ती कोण करणार, याची चौकशी शेतकऱ्याला करायला सांगावी. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी गावात एक दिवस मिस्त्रीला बोलावून सगळ्यांची मशीन एकाच पारावर तपासून घेता येतील. चार पोरांना प्लग, फिल्टर, तेल एवढे शिकवले तर त्यांना रोजगार आणि गावाला सोय. गटाचे किंवा अवजारे बँकेचे मशीन असेल तर त्यासोबत एक वही असावी. कोणी नेले, किती तास चालले, तेल कधी बदलले, एवढेच लिहावे. सामाईक मशीन सर्वांचे म्हणून कुणाचेच नसते, ही म्हणायची वेळ मग येत नाही.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप लावतात, दुसऱ्या दिवशी त्याला नांगराला जुंपत नाहीत. पोळ्यापर्यंत कोळपणीचे दिवसही सरलेले असतात. तोच दिवस मशीनचाही ठरवावा. तेल बदलावे, फिल्टर धुवावा, पात्यांना धार लावावी, पेट्रोल काढून कोरड्या जागी पोत्याखाली झाकून ठेवावे. खंडेनवमीला हळद-कुंकू वाहून झेंडूची माळ घालतोच आपण. पण फिल्टर धुळीने भरलेला ठेवून घातलेल्या माळेने मशीन चालत नाही.

बैल मुका असला तरी लंगडला की कळते, वैरण सोडली की कळते. मशीनला तेवढेही सांगता येत नाही. पुढच्या मृगाला दोरी ओढाल, तेव्हाच ते आपण आठ महिने त्याच्याशी कसे वागलो, ते सांगेल.